आधी न्याहारी, मग प्रश्न

वाचकाचे पत्र: ताई, सलाम. माझे वय ४२. शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत ठेकेदाराकडे मोल्डिंगच्या कामावर आहे. गेली अकरा वर्षे पितो. पूर्वी नाइंटीवर भागायचे, आता रोज दोन क्वार्टर लागतात. गेल्या महिन्यात सोनोग्राफीत यकृताला सूज व चरबी निघाली, साखरही वाढलेली आहे. उपवासकाळातल्या एका रविवारी चर्चमधल्या मंडळीसमोर उभा राहून दारू सोडल्याची साक्ष दिली. तिसऱ्या दिवशी अंग थरथरू लागले, भिंतीवर मुंग्या चढताना दिसू लागल्या आणि मी घाबरून पुन्हा प्यायलो. तेव्हापासून भक्तीला गेलेलो नाही. ठेकेदार म्हणतो, ऑर्डर कमी आहेत आणि थरथरणारा हात भट्टीजवळ नको, पुढच्या महिन्याचे सांगता येत नाही. पत्नी कोणाकडून तरी आणलेली पूड चहातून द्यायच्या विचारात आहे. मित्र म्हणतो, बायबलात पौलानेच तीमथ्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले आहे. माझा विश्वास कमी पडतो का? उपवास-प्रार्थनेला बसू की दवाखान्यात जाऊ? कामावर सांगू की लपवू? परवा रात्री रंकाळ्याच्या काठावर फार वेळ बसून होतो. – एक बंधू, कोल्हापूर

प्रिय बंधू, सलाम.

तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलेली ओळ मी सगळ्यात आधी घेते. रंकाळ्याच्या काठावर कोल्हापुरातली निम्मी माणसे संध्याकाळी बसतात. पण रात्री उशिरा, एकट्याने, फार वेळ बसलेल्या माणसाने ती गोष्ट पत्रात लिहिली, तर तो केवळ हवा खायला गेला नव्हता असे मी समजते. म्हणून सरळ विचारते: जीव द्यावा असे तुमच्या मनात आले होते का? आले असेल तर ते आजच, हा अंक हातात असतानाच, पत्नीला किंवा घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाला याच शब्दांत सांगा, आणि पुढचे काही दिवस रात्री एकटे बाहेर पडू नका. सांगण्यासारखे कोणीच जवळ नसेल तर १४४१६ हा मानसिक आधार देणाऱ्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. तो सरकारी आहे, दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा विचार मनात आला म्हणून तुम्ही देवापासून तुटलात असे मुळीच नाही. रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ असे म्हणणारा एलीया संदेष्टाच होता, आणि त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता तिसऱ्या दिवसाविषयी. मी ३४ वर्षे परिचारिका होते आणि तुम्ही वर्णन केलेला तो तिसरा दिवस मी इतक्या खाटांवर पाहिला आहे, की तुमचे पत्र वाचताना मला त्या भिंतीवरच्या मुंग्यांचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. वर्षानुवर्षे रोज दारू पोटात जाते, तेव्हा मेंदू तिच्या गुंगीशी झगडत स्वतःला सतत चढ्या सुरात ठेवायला शिकतो. ती गुंगी एकाएकी काढून घेतली की तो चढा सूर तेवढा उरतो. मग हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना आकडी येते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होऊ लागतात, दिवस कोणता आणि आपण कुठे आहोत हेही समजेनासे होते. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावू शकतो. तेव्हा त्या मंगळवारी की बुधवारी जे घडले, ती तुमच्या विश्वासाची परीक्षा नव्हती आणि तिच्यात तुम्ही नापासही झालेला नाही. तो एक वैद्यकीय प्रसंग होता आणि तुम्ही त्याला औषधाविना, घरच्या खाटेवर, एकटे सामोरे गेलात. दुसऱ्या कोणाला असे भास झाले असते, तर तुम्हीच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेले असते.

यावरून निघणारी एक गोष्ट विचित्र वाटेल, तरी स्पष्ट लिहिते. डॉक्टरांना भेटेपर्यंत स्वतःच्या बळावर दारू एकदम बंद करण्याचा प्रयोग पुन्हा करू नका. याचा अर्थ ‘पीत राहा’ असा नाही. भेटायला महिना लावू नका, दोन दिवसांत जा, असा आहे. सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि मानसोपचार विभागाविषयी विचारा. रोज किती पिता ते खरे सांगा, शेवटचे कधी प्यायलात ते सांगा आणि मुंग्यांची गोष्ट तर नक्कीच सांगा, कारण पूर्वी भास झालेल्या माणसाला भरती करून दारू सोडवायची की घरी राहून, हे ठरवताना तिला फार वजन असते. तेथे दारू सोडण्याचे पहिले काही दिवस सुरक्षित जावेत म्हणून ठरावीक गोळ्या देऊन त्या क्रमाक्रमाने कमी केल्या जातात, आणि ब-१ जीवनसत्त्व दिले जाते, कारण पिणाऱ्या माणसाच्या शरीरात त्याचा खडखडाट असतो व त्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. भेटीच्या आधीच आकडी आली, बडबड सुरू झाली, उलटीत रक्त दिसले किंवा शौचास डांबरासारखी काळी झाली, तर वेळ पाहू नका. १०८ ला फोन करा आणि अपघात विभागात जा.

तुमचा पहिला प्रश्न विश्वासाचा आहे. एलीयाची गोष्ट तुम्ही लहानपणी शब्बाथशाळेत ऐकलीच असेल, पण तिचा क्रम एकदा नीट पाहा. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला हा माणूस दुसऱ्याच दिवशी जीव घेऊन रानात पळतो आणि मरण मागतो. देवदूत येतो तेव्हा तो त्याला ‘तुझा विश्वास कुठे गेला?’ असे विचारत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवतो आणि ऊठ, खा, एवढेच म्हणतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवू घालतो, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे. ‘एलीया, तू येथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनंतर, होरेब डोंगरावर. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातही हेच घडते. ज्या पेत्राने कोळशाच्या शेकोटीपाशी प्रभूला तीनदा नाकारले, त्याला पुनरुत्थित प्रभू तिबिर्या समुद्राच्या काठी भेटतो, तेथेही कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, भाकरी आहे. आधी न्याहारी होते. ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ हा प्रश्न त्यानंतरचा. तुम्ही मात्र उपाशी पोटी, थरथरत्या अंगाने, झोप नसलेल्या डोक्याने स्वतःला होरेबवरचे प्रश्न विचारत बसला आहात. ते प्रश्न खोटे नाहीत, पण त्यांची वेळ अजून आलेली नाही. सध्या तुमच्यासाठी भाकर आणि सुरई म्हणजे ब-१ चे इंजेक्शन, साखरेची तपासणी आणि आठ तासांची झोप.

म्हणून उपवास की दवाखाना, याचे उत्तर मी दवाखाना असेच देईन, आणि ते देताना मला जराही संकोच वाटत नाही. वाढलेली साखर, सुजलेले यकृत आणि पाण्यासाठी आसुसलेले शरीर घेऊन उपवासाला बसणे आज तुमच्यासाठी धोक्याचे आहे. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर अधिकच, कारण दारू आणि रिकामे पोट एकत्र आले की साखर घातक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. तुमच्यासाठी उपवास दुसरे कोणी करील. मंडळीत आजीबाई पुष्कळ आहेत आणि त्यांना हे काम आवडते. प्रार्थना आणि औषध यांचे भांडण आपल्या भागात तरी शोभत नाही. १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर कोल्हापुरात सुवार्ता घेऊन आले, आणि पुढे त्याच मिशनच्या डॉक्टर वानलेसांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले. आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी बायबल आणि मलमपट्टी एकाच माणसांच्या हातून घेतली. पौलाच्या सोबत फिरणारा लूक वैद्यच होता. आणि वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमा बांधून झाल्यावर चांगल्या शमरोन्याने त्याला रस्त्यावर प्रार्थना करत बसवले नाही, उतारशाळेत नेले आणि तिथल्या माणसाच्या हातावर दोन दिनार ठेवले.

तुमच्या मित्राच्या तीमथ्याविषयी थोडक्यातच सांगते, कारण हा दाखला पुढे करणारा माणूस सहसा तहानलेला असतो. ते वचन नीट वाचले तर दिसते की तीमथ्य केवळ पाणीच पीत होता आणि वारंवार आजारी पडत होता. त्याच्या पोटासाठी पौलाने त्या काळातला औषधी सल्ला दिला. तुमच्या पोटाचा सल्ला सोनोग्राफीच्या कागदावर छापून आलेला आहे आणि तो नेमका उलटा आहे. यकृतावरची चरबी आणि सूज दारू पूर्ण बंद केल्यावर काही आठवड्यांत, काही महिन्यांत बरीच ओसरू शकते; ती पुढे जाऊन यकृत आक्रसले की मात्र मागे फिरणे फार कठीण होते. तुम्ही अजून फिरता येईल अशा वळणावर आहात की नाही, हे रक्ताच्या तपासण्या सांगतील. त्या टाळू नका.

साक्षीविषयी माझे मत आपल्या मंडळ्यांतील काहींना रुचणार नाही. दारू सोडण्याचा निश्चय करून जेमतेम दिवस उलटतो न उलटतो तोच माणसाला सर्वांसमोर उभे करून साक्ष देऊन घ्यायची, टाळ्या नाही तरी ‘हालेलुया’ मिळवायचा, ही आपली रीत मला क्रूर वाटते. त्या माणसाचे पाऊल घसरले की त्याला पुन्हा त्याच बाकावर येऊन बसणे अशक्य होते, आणि जी जागा त्याला सर्वांत जास्त हवी तीच त्याच्यासाठी बंद होते. याकोबाने आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा असे लिहिले आहे. ‘एकमेकांजवळ’ म्हणजे दोन-तीन विश्वासू माणसांजवळ, ध्वनिवर्धकावर नव्हे. तेव्हा या रविवारी काहीही जाहीर करू नका. पाळकसाहेबांना आठवड्यात घरी गाठा आणि घडले ते सांगा. ते समजूतदार असतील तर बरेच झाले. नसतील, तर मंडळीतल्या एखाद्या वडिलांना सांगा, पण कोणातरी एकाला तोंडाने सांगा. मग भक्तीला जा आणि मागच्या बाकावर बसा. मागचा बाक काही कमी पवित्र नसतो. प्रभुभोजनाच्या पेल्यात काय असते ते आधी विचारून घ्या. आपल्याकडील पुष्कळ मंडळ्यांत न आंबवलेला द्राक्षरस असतो, पण खात्री नसेल त्या दिवशी केवळ भाकर घ्या आणि पेला शेजाऱ्याकडे द्या, त्यासाठी कोणाला कारण देण्याची गरज नाही.

मंडळीबाहेरचीही एक सोबत तुम्हाला लागेल, असे मी अनुभवाने सांगते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेतील अॅक्रन शहरात एका शेअर दलालाने आणि एका शल्यविशारदाने सुरू केली, आणि दोघेही स्वतः पिणारे होते. तिच्या सभा मराठीतही चालतात, फी नसते, आडनाव विचारले जात नाही. तिथे सर्व धर्मांची माणसे असतात आणि ‘आपल्याला उमगलेला परमेश्वर’ असा शब्दप्रयोग ऐकून काही ख्रिस्ती बांधवांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु या चळवळीची मुळे एका ख्रिस्ती गटात आहेत, आणि आपली चूक देवाजवळ, स्वतःजवळ व दुसऱ्या एका माणसाजवळ मान्य करायची ही तिची पाचवी पायरी म्हणजे याकोबाचे तेच वचन आहे. सीपीआरमधील डॉक्टरांनाच जवळच्या सभेचा पत्ता विचारा. भरती होऊन राहावे लागले तर पुण्यात १९८६ पासून चालणारे मुक्तांगण आहे. अन्य कोणतेही केंद्र निवडण्यापूर्वी त्याची नोंदणी झाली आहे का, तेथे डॉक्टर येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे पत्नीने पाहून यावे. मारहाण करून किंवा साखळीने बांधून कोणाची दारू सुटत नाही, आणि साखळीने बांधणे तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने निषिद्धच आहे.

त्या पुडीबद्दल पुढचे वाक्य वहिनींनी स्वतः वाचावे. वहिनी, तुमची तळमळ मला समजते, पण ती पूड चहात घालू नका. अशा पुड्यांत पुष्कळदा दारूशी झगडणारे खरे औषध असते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला सांगून, यकृत तपासून द्यायचे असते. नकळत दिले आणि वर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, आणि सुजलेल्या यकृताला ते एरवीही झेपत नाही. ती पुडी घेऊन दोघे मिळून डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवा.

राहिली नोकरी, आणि ती काही लहान गोष्ट नव्हे. ठेकेदाराचे बोलणे तुम्हाला लागले हे मला समजते, पण त्याच्या वाक्याचा अर्धा भाग खरा आहे. वितळलेले लोखंड सुमारे १४०० अंशांचे असते. थरथरत्या हाताने लॅडल, म्हणजे ते ओतण्याचे भांडे, धरणारा माणूस स्वतःबरोबर शेजाऱ्यालाही भाजतो. त्याने काढून टाकण्याआधी तुम्हीच जाऊन बोला. आजाराचे नाव सांगण्याची सक्ती तुमच्यावर नाही. ‘यकृताचा व साखरेचा त्रास आहे, उपचार सुरू करतो आहे, काही दिवस रजा हवी आणि परत आल्यावर काही काळ भट्टीपासून लांब, कोअर शॉपला किंवा स्टोअरला काम द्या’, इतके पुरेसे आहे आणि त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. डॉक्टर तुमच्या मागे कंपनीला काही कळवतील ही भीती सोडा, त्याच २०१७ च्या कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक केले आहे.

बोलण्यापूर्वी मात्र पगाराची चिठ्ठी काढून पाहा. महिन्याचे वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर कर्मचारी राज्य विम्यासाठी तुमच्या वेतनातून ०.७५ टक्का कापला जात असला पाहिजे, म्हणजे १६,००० वर १२० रुपये. ती कपात असेल, आणि संबंधित सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर दाखल्यावर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम आजारपणाचा लाभ म्हणून मिळते. हा दाखला सहसा विमा दवाखान्याच्या डॉक्टरांचाच लागतो, तेव्हा कार्ड घेऊन त्यांच्याकडेही जा आणि सीपीआरचे कागद दाखवा. ठेकेदाराने वर्गणी भरलीच नसेल, तर ती भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. हे त्याला भांडून सांगू नका, पण तुम्हाला ठाऊक असू द्या. भविष्यनिर्वाह निधीचे पासबुकही मोबाइलवर एकदा उघडून बघा. रात्री अडीच वाजता ‘सगळे संपले’ असे वाटते तेव्हा खात्यात नेमके किती आहे याचा आकडा माहीत असण्याने फार फरक पडतो.

आणि समजा, हे सगळे करूनही काम गेले. ऑर्डर कमी असण्यावर तुमचा किंवा माझा इलाज नाही. पण मोल्डिंगचे काम येणारा माणूस शिरोलीला नसेल तर गोकुळ शिरगावला किंवा कागलला लागतो, आणि त्याला तेथे घेतील की नाही हे मुख्यतः हात स्थिर आहे की नाही यावर ठरते. म्हणून क्रम तोच, आधी शरीर. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, मिळत होता तो एका दिवसापुरता. उद्यासाठी म्हणून साठवलेल्या मान्न्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढा दुप्पट मिळे. तुम्ही मात्र पुढच्या महिन्याचा ठेकेदार, पुढच्या वर्षीचे यकृत आणि उरलेल्या आयुष्यभराची शपथ असे सारे एकदम साठवू पाहता. डॉक्टरांचे उपचार सुरू झाले की रोज तो एकच दिवस न पिण्याचा ठरवा, उद्याचे उद्या.

दारू सुटल्यावरचे पहिले तीन महिने सर्वांत निसरडे असतात, आणि तेव्हा साध्या गोष्टीच उपयोगी पडतात. शिफ्ट सुटते तेव्हा तुम्ही भुकेले, दमलेले आणि पुष्कळदा कोणावर तरी चिडलेले असता. या तीन गोष्टींचे मिश्रण म्हणजेच पुष्कळांची तलफ असते. डब्यात दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर फुटाणे शिल्लक ठेवा आणि गेटमधून बाहेर पडण्यापूर्वी खा. पगार झाल्या दिवशी एटीएम कार्ड वहिनींकडे राहू द्या. घरी येताना पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर ज्या वळणावर गाडी आपोआप वळते, ते वळण काही दिवस टाळून लांबच्या रस्त्याने या. ‘एक घेतल्यानं काय होतंय भावा’ म्हणणाऱ्या मित्रांशी वाद घालू नका, ‘गोळ्या चालू आहेत’ म्हणा आणि तांबडा-पांढरा ओरपून नऊ वाजता घरी या. खरा मित्र दुसऱ्यांदा आग्रह करीत नाही. आणि पाय घसरलाच, तर त्याच रात्री एका माणसाला फोन करून सांगा, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगा. तेव्हा वेगळी साक्ष द्यायची नाही आणि वेगळी शिक्षाही भोगायची नाही.

जाताना सोनोग्राफीचा कागद घडी घालून खिशात नेऊ नका, घामाने पुसतो. त्याच्यासह साखरेच्या गोळ्यांची पाने, विमा कार्ड, आधार कार्ड आणि ती पुडी एका प्लास्टिकच्या पिशवीत आज रात्रीच भरून दाराशी टांगून ठेवा. गाडी स्वतः चालवू नका. आणि निघण्यापूर्वी, वहिनींनी थापलेली एक भाकरी दुधात कुस्करून खाऊन निघा. मानसोपचाराच्या ओळीत वेळ लागतो.

तुमची ताई